मांडणीचं डावं टोक

मोका गावच्या दवाखान्यात ओदालिसबाई डोळ्यांत थेंब घालून बसल्या होत्या. शेजारी लिबोरियो आणि त्याचा डॉमिनोतला जोडीदार सेनॉन, दोघे म्हातारे वाद घालत होते.

"हातात पाचाची सोंगटी, आणि तू पास म्हणतोस. कोपऱ्यावरच्या कोलमादो दुकानात बिअर घ्यायला येणारा प्रत्येक जण म्हणतो, लिबोरियो विकला गेला."

"अरे, पाच मांडणीच्या डाव्या टोकाला होता. मेंदूतली केसाएवढी नस तुंबलीय. डोळे धड आहेत, पण डावीकडचं काही दिसत नाही."

"म्हणजे मी डावीकडे बसलो तर?"

"सुख."

"आणि मी तुला चोर म्हणालो."

"माझ्या बायकोसमोर."

"चुकलंच माझं. पण आता खेळणार कसा?"

"डॉक्टरीणबाई म्हणतात, मान पुरती डावीकडे वळवून बघायचं."

"तुझ्या डावीकडे समोरच्या जोडीतला नीकासियो बसतो. त्याच्या सोंगट्या दिसतील."

"दिसतील खऱ्या."

"मग रविवारी तूच माझा जोडीदार. डॉक्टरांचं ऐकलंच पाहिजे."

लिबोरियोनं सराव म्हणून लगेच मान डावीकडे वळवली आणि दचकला.

"अहो बाई, तुम्ही कधी आलात?"

"तुमच्या आधीच," ओदालिसबाई डोळे पुसत म्हणाल्या. "नीकासियो माझा धाकटा भाऊ."