सिस्टरचा एकच प्रश्न

हसणार नसाल तर सांगतो बे. पोरीच्या आठवीच्या ॲडमिशनला बीडात मिशनच्या शाळेत गेलतो. तिथं बापाचीबी मुलाखत घेतात म्हणून पंधरा दिवस इंग्रजी पाठ केलतं. ऊस तोडता तोडता "माय नेम इज" म्हणायचो. मुकादमाला वाटलं, मला ऊनच लागलं.

आन सिस्टर निघाल्या आपल्यावानी मराठी बोलणाऱ्या! म्हणल्या, "बसा दादा. मुलीला कोणता विषय आवडतो?"

सहा महिने मी फडात, पोरगी मामाकडं. मला काय म्हाईत? पर गप कसं बसावं? म्हणलं, "गणित. लई आवडतं."

सिस्टरनी पुढ्यातलं गुणपत्रक बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. "बरं," म्हणल्या.

बाहेर आल्यावर पोरगी म्हणली, "अप्पा, गणितातच मला सगळ्यात कमी मार्क हायत."

"मग तुला आवडतं काय गं?"

"ऱ्हाऊ द्या आता. आपल्या शिरूरची एसटी लागलीय."

ॲडमिशन झाली बे. पर एसटीत तासभर तिच्या शेजारी बसलो, आन परत विचारायची हिंमत झाली न्हाई.