पांघरलेली हिमनदी

लेहच्या बसथांब्यावर माझ्यापुढे म्हातारे लेखक मेमे, म्हणजे आजोबा, स्तोबदन आणि हिमनद्यांची अभ्यासक यांगडोल बोलत होते.

“मेमे-ले, तुमच्या कादंबरीत हिमनदीवर पांढरं कापड घालून गाव वाचवतात. आम्ही ते करून पाहिलं.”

“मग?”

“कापडाखालचा बर्फ टिकला. पण अख्खी हिमनदी झाकायला कापड आणणार कुठून? गाव नाही वाचायचं.”

“म्हणजे पुस्तक वायाच!”

“नाही हो. त्यातली म्हातारी हिवाळ्यात ओढ्याचं पाणी सावलीला गोठवते, ते मात्र जमतं. वसंतात तो बर्फ वितळला की जवाच्या पेरणीपुरतं पाणी मिळतं.”

“अगं, ते मी पानं भरायला लिहिलं होतं!”

“यंदा आमच्या गावाची पेरणी त्यावरच झाली. आईनं तुम्हाला आभाराचं जुले सांगितलंय.”

“पोरी, बाकीच्यांनी नुसत्या टाळ्या वाजवल्या. खरं-खोटं बघायला डोंगर तू चढलीस. जुले तर मीच म्हणायला हवं.”