खालून वर पुसलेला जिना

नाही, पण मी म्हणते, देवाला जर सगळं आधीच ठाऊक आहे, तर माझ्या गुडघ्यांची परीक्षा कशाला? तुम्ही इथे बाकावर बसलाय, ऑपरेशनच्या त्या बंद दाराकडे डोळे लावून, म्हणून तुम्हाला सांगते. माझंही माणूस आत आहे. थोरली बहीण. पोटाचं आहे, मोठं आहे म्हणाले. नऊ वाजता नेली. चौदा वर्षं मी या दवाखान्याच्या फरश्या पुसते, पण मला कुणी हूं की चूं सांगत नाही, मग तुम्हाला काय सांगणार कपाळ!

तर ही बहीण परवा चौथ्या मजल्यावर भरती झाली आणि अकरा वर्षं आमचा अबोला. का? आई गेली तेव्हा मी निरोप धाडला, बसच्या ड्रायव्हरबरोबर, त्याच्याकडून दोनदा वदवून घेऊन. ही उगवली तिसऱ्या दिवशी! वर मलाच म्हणते, 'निरोप मिळालाच नाही.' मिळाला नाही? ड्रायव्हरने काय गिळला? तो बाबाही पुढे नोकरी सोडून गेला, म्हणजे विचारायची सोय नाही. म्हटलं, हिचं तोंड बघणार नाही. चौथा मजला दुसरीला देऊन टाकला, बदल्यात तिचे दोन संडास पत्करले, बघा!

आता तिसऱ्या मजल्यावर आहेत एक म्हातारे मास्तर, पाय प्लॅस्टरमध्ये पण जीभ मोकळी. त्यांच्याकडे कुणी चुगली केली कोण जाणे. नाकातून बोलतात, 'बाई, तुम्ही वर जाणार की नाही, हे देवाला सृष्टी केली तेव्हापासून ठाऊक आहे.'

'मग त्यानेच ठरवलंय तर मला कशाला घोर?'

'ठरवलं नाही हो! नुसतं ठाऊक आहे. ठरवणार तुम्हीच.'

'आणि मी ऐन वेळी उलटं केलं तर?'

'तेही त्याला आधीच ठाऊक!'

अहो, मी चौथी शिकलेली बाई, पण डोकं असं भणभणलं! जिन्यात आले, चार पायऱ्या चढले आणि गर्रकन वळले. फसवला! मग वाटलं, छे, तेही त्याला आधीच ठाऊक. पुन्हा वर. पुन्हा खाली. पाचव्या पायरीवर मुद्दाम डाव्याऐवजी उजवा पाय... तेही ठाऊक! नर्सबाई म्हणते, 'मावशी, चक्कर येतेय का?' म्हटलं, 'नाही, देवाला फसवतेय, तुमचं काम करा.'

आणि मग सुचलं! जिना कसा पुसतात? वरून खाली, मागे मागे उतरत, म्हणजे पुसलेल्यावर आपलाच पाय पडत नाही. म्हटलं, आज खालून वर पुसायचा! अशी अक्कल गहाण ठेवलेली बाई त्याने कुठे पाहिली असेल? तळापासून सुरुवात केली, एक पायरी चढायची नि मागे वळून खालची पुसायची. तिसऱ्याला थांबायचं होतं हो, देवाशप्पथ! पण त्याची जिरवली या आनंदात पुसत सुटले... मान वर केली तर समोर चौथा मजला. पाठीमागे सगळा जिना ओला. आणि माझा नियम, ओल्यावर पाय नाही! मोठ्या डॉक्टरांना मी जिन्यात उभं करून ठेवलंय, मग मी कोण टिकोजीराव? लिफ्ट वॉर्डाच्या पार पलीकडे, मध्ये अठरा खाटा, दुसऱ्या खाटेवर ती. मला कुणी ढकललं? नाही. माझेच हात, माझीच बादली, माझाच शहाणपणा. आणि तेही त्याला आधीच ठाऊक! सर्रकन काटा आला अंगावर. एवढ्या मोठ्या जगाचं बघणारा तो, आणि माझ्या फडक्याची दिशासुद्धा त्याला ठाऊक?

ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. बादली वाजली तशी वळली. आणि तिचा चेहरा... काय सांगू! तोंड उघडं, भुवया कपाळात, लहानपणी दिसायची तश्शी. 'तू? अगं, तू येशील असं स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं!' मग माझं मनगट धरून म्हणते, 'निरोप खरंच मिळाला नव्हता गं.'

खरं की खोटं? मला ठाऊक नाही. आजही नाही. पण मी म्हटलं, 'बरं ताई.' आणि खाटेवर टेकले.

खाली येऊन मास्तरांना गाठलंच. 'मास्तर, निरोप मिळाला की नाही हे देवाला पक्कं ठाऊक. मग त्याला तिच्यावर विश्वास कसा ठेवता येणार? ठाऊकच असलं तर विश्वास कशाला लागतो? म्हणजे मी जे केलं ते त्याला जमतच नाही?'

मास्तरांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला. 'बाई,' म्हणाले, 'पस्तीस वर्षं शिकवलं, हे माझ्या डोक्यात नाही आलं.' नाकातला आवाजच गेला त्यांचा! आणि मी आपली माझ्या हाताकडे बघत उभी... फिनेलने सोललेला हात हो, आणि देवापाशी नाही असं काहीतरी यात?

आज आत नेताना म्हणते, 'मी बाहेर येईन ना गं?' म्हटलं, 'न येऊन सांगतेस कुणाला!' तोऱ्यात म्हटलं. मला काय ठाऊक?

तर आता सगळ्यांनी पाय वर घ्या. हो, सकाळपासून तिसऱ्यांदा पुसतेय इथे, फरशी लख्ख आहे, मलाही दिसतंय. पण त्याला सगळं ठाऊक, म्हणून तो बसू शकतो. मला नाही बसवत.