सहाव्या दिवसाचं कडं

...आणि वर तो शेजारचा तुल्लिओ कुंपणावरून मला विचारतो, "काय रे एर्मेस, कोंबड्या काय म्हणतायत?" कोंबड्या म्हणे! अहो, चंद्रकोरीचे कस्तूर आहेत ते, गाणारे पक्षी. काळेभोर, गळ्यावर पांढरी कोर, आल्प्सच्या वरच्या अंगाला राहणारे, माणूस दिसला की पाठ फिरवणारे. त्यांच्यासाठी परसात जाळीचं घर बांधलं, आत दगड, शेवाळ, सूचिपर्णी झाडं, वाहतं पाणी... तुम्हाला सांगतो, बढाई नाही मारत, पण आमच्या खोऱ्यात यांची वीण पिंजऱ्यात कोणी केली असेल तर ती मीच.

चार वर्षं जोडी एकमेकांकडे बघायलासुद्धा तयार नव्हती. माझी बायको नीवेस म्हणायची, "आपल्याला बघूनच शिकलेत." पाचव्या वर्षी चार अंडी. तीन वाया गेली, एक फुटलं. एकच पिल्लू, पण मला राज्य मिळालं.

आता नियम असा, की पिंजऱ्यात जन्मलेल्या पिल्लाच्या पायात सहाव्या दिवशी अखंड कडं सरकवायचं. आधी घाला, गळून पडतं. उशीर करा, पाय जाड होतो नि शिरत नाही. आणि कडं नसेल तर पक्षी रानातून चोरलेला, वनखात्याचा माणूस येणार नि घेऊन जाणार! बढाई नाही मारत, पण आमच्या पक्षीपालकांच्या मंडळात तीस वर्षं नव्या लोकांना कडं घालायला मीच शिकवतोय. "बाबांनो, आधी कडं काळं करा. चकचकीत दिसलं की आईला वाटतं घरट्यात घाण पडली, ती उचलून बाहेर टाकते, नि कड्याबरोबर पिल्लूही जातं."

तर सहाव्या दिवशी मी कडं घातलं. चकचकीत. काळं करायला विसरलो... कोण विसरलं? मी! आनंदात माणसाचं डोकं कुठे ठिकाणावर असतं? दहा मिनिटांत आईसाहेब आल्या, कडं चोचीत धरलं नि पिल्लू खाली. मी उचलून ठेवलं. तिने परत टाकलं. मग ते उघडंबोडकं, गार पडत चाललेलं अंग हातात घेतलं ना, तेव्हा मला रडूच फुटलं. पाच वर्षं वाट बघितली, आणि घात केला तो माझ्याच हातांनी.

नीवेस चुलीवर मक्याच्या पिठाचा पोलेंटा ढवळत होती. माझं तोंड बघितलं नि काही न विचारता पिल्लू स्वेटरच्या आत छातीशी धरलं. मग तांब्याच्या कढईच्या बुडाची काजळी बोटावर घेतली, लोण्यात कालवली, कड्याला फासली. "तीस वर्षं लोकांना शिकवतोस ना?" एवढंच बोलली. पिल्लू घरट्यात ठेवलं. आई आली, वाकून बघितलं, मान वाकडी करून परत बघितलं... नि गांडूळ भरवलं. पोलेंटा करपला होता. मी दोनदा मागून खाल्ला.

पिल्लू नर निघालं. पुढच्या मे महिन्यात गाणाऱ्या पक्ष्यांच्या प्रदर्शनात नेलं, तर पठ्ठ्या मुका! मी समोर उभा, तो कोपऱ्यात तोंड करून. पाय धरणारा माणूस तो कसा विसरणार? परीक्षक विचारतात, "गात नाही वाटतं?" नीवेस म्हणाली, "एर्मेस, जरा त्या खांबामागे जा बघू." गेलो. काय करता? आणि मग त्याने शीळ घातली. एक, दोन, तीन... अख्खा मांडव पिंजऱ्याकडे सरकला. बढाई नाही मारत, पण तसा आवाज तिथे दुसऱ्या कुणाचा नव्हता. पहिला नंबर! मी खांबाला डोकं टेकून डोळे पुसत होतो. तिकडे परीक्षक नीवेसच्या हातात चषक देऊन विचारतायत, "बाई, कसं साधलंत हो हे?" ती म्हणाली, "काजळी."

झालं. यंदा मंडळाने नव्या लोकांना शिकवायला तिला बोलावलंय. मीही जाणार आहे म्हणा... तांब्याची कढई जड असते, कुणीतरी उचलायला नको?