चतुरीचं ‘आलो’

...हसा, तुमी बी हसा! आख्खं गाव हसायलंय, तुमीच कशाला मागं ऱ्हाता? पन मला सांगा, यात माजी काय चूक वो? दादा न् वयनी दोघं बी दुष्काळाच्या कामावर खडी फोडायला, मंग घरी कोन? मी! मॅट्रिक नापास, म्हंजे पोरं सांभाळायला एकदम पास! दादाची चतुरी, तीन वर्साची, दिसभर माज्या खांद्यावर. आन तुमाला सांगतो, तिचं ध्यान म्हंजे बाभळीचा डिंक! चिकटलं की चिकटलं!

आता मी घरात शिरताना काय म्हनतो? ‘आलो!’ ताटावरून उठताना? ‘जेवलो!’ तर ही बी कमरेवर हात ठिवून, ‘मी आलो! मी जेवलो! मी पडलो!’ मला तर लय अभिमान! पन वयनीनं ऐकलं आन डोक्यावरची पाटीच आपटली. ‘अवो भावजी, पोरगी हाय ती! पोरावानी बोलायलीय! आईतवारी माजे बाबा यायलेत मानवतहून. त्यांनी ऐकलं तर घिऊन जातेल तिला, सांगून ठिवते!’

बाबा म्हंजे दिनकरराव मास्तर! लिंग चुकलं की पोराला बाकावर हुबं करनारा मानूस! आन चतुरी गेली तर मी काय करू? भिंतीला गोष्टी सांगू?

बसलो शिकवायला. ‘चतुरे, आले म्हन.’
‘आले म्हन.’
‘आगं, तू पोरगी हाईस.’
‘आगं, तू पोरगी हाईस.’

डिंक वो, डिंक! सांगून काय उपेग? कानावर पडंल तेच चिकटनार! मंग म्हनलं, आपनच बदलावं. सकाळधरून सुरू... ‘मी उठले! मी जेवले! मी हिरीवर चालले!’ हिरीवर सरजाबाई म्हनती, ‘का रं, बरा हाईस न्हवं?’ म्हनलं, ‘बरी हाय, मावशी.’ तिच्या हातातली घागर सुटली ती हिरीच्या तळाला, खडकावर खणकन्! हिरीत पानी कुठं होतं!

आईतवारी मास्तर आले. जय भीम झाला. चतुरी पळत आली, मी दाराआड कान लावून हुबा... ‘आजोबा, मी आले!’ आहाहा! ‘जेवलीस का?’ ‘जेवले!’ ‘अन् गुडघ्याला काय झालं गं?’ ‘मी घसरले!’

आता ऐका! ‘घसरले’ मी कदीच म्हनलो न्हवतो! सकाळी ‘बकरू घसरलं’ येवढंच तिनं ऐकलेलं. बाकीचं तिचं तिनं जुळवलं! ऐकलेल्यातून न ऐकलेलं काढलं पोरीनं, हाय का कुनाची हिंमत? मास्तर बी खूश. ‘शाब्बास! नात इथंच राहू द्या. भाषा शुद्ध आहे.’

माजी छाती ही येवढी! त्याच तोऱ्यात तांब्या घिऊन भाईर आलो... तर चतुरी टाळ्या पिटीत म्हनती, ‘आजोबा, माजी काका आली! काका पानी घिऊन आली!’

मास्तरनं चष्मा काढला. पुसला. परत घातला. माज्याकडं खालून वर बघितलं आन म्हनले, ‘व्याकरण बरोबर आहे. काका चुकलाय.’

आता परत ‘आलो’ सुरू करू? पोरगी परत चिकटवंल, अन् मास्तर नेतेल तिला मानवतला! म्हून तवापासून मी आपली गप बसले... बसलो! बसलो वो! बघितलं? डिंक!

थांबा, वयनी हाका मारायलीय...

‘आले वयनी, आले!’