दोन रिंगांनंतर

हॅलो?… हॅलो?… कोण?… ताई?

अवं, तू उचलला काऊन? मी तं आपली रिंग दिली होती. संध्याकाळची, रोजची… हौ, दोनच देणार होतो. दुसरी पुरी वाजलीही नाई आणि तुझं "हॅलो" आलं. मले वाटलं, नंबर चुकला… नाई नाई, ठेवू नको! आता उचलला आहेस तं… हं…

हौ, मीच. तानबाच. सेलूतल्या या घरात दुसरं कोण राहणार?

कोणी सांगितलं तुले? सपनानं? सून तुझी चौकस आहे… हौ, खरं आहे. परवाच बसवला. इंटरनेटवाला फोन. जुन्यावर कॉल उचलला की पैसे लागायचे, म्हणून तं आपण रिंग देऊन ठेवून द्यायचो. दोन वाजल्या, म्हणजे मी ठीक. तुझ्या दोन आल्या, म्हणजे तू ठीक. यावर काही लागत नाई… कितीही बोल. दिवसभर बोल… "मंग बोल" म्हणजे? असं एकदम काय बोलू?… हसू नको, ताई. ग्रंथालयात नोकरी झाली माझी. तिथं भिंतीवरच लिहिलं होतं, शांतता राखा.

काय?… आवाज कसा येते? वैभवनं सांगितलं, फोन बसवायले आलता तो. काचेचा धागा आहे म्हणे. केसाहून बारीक. त्यातून उजेड जाते, आणि त्या उजेडातून आपला आवाज… मलेही पुरतं समजलं नाई. पत्रक वाचलं, पुन्हा वाचलं, तरी काही नाई. वैभवले विचारायची लाज वाटली… हौ, बाबा असते तं म्हणाले असते, पोरगं पुस्तकं वाचून वाचून कामातून गेलं.

नंबर तोच आहे. बदलणार असता तं मी घेतलाच नसता… अवं, म्हणून दाखवायची गरज नाई, आहे मले माहीत… बरं, म्हण… हौ… हौ… बरोबर. शाबास.

आता घेतला खरा. पण मन होत नव्हतं, ताई. जुन्याची सवय. लाइट गेली तरी तो चालायचा. यासाठी एक बॅटरीचा डबा दिला आहे, पण त्याचा काय भरवसा?… वैभव म्हणते, महिनाभर वापरा, नाई पटला तं जुनी तार परत जोडून देतो. ते ऐकून मंग हौ म्हटलं… कारण काय, पोळ्याच्या सुमारास रस्ता खोदला आणि जुनी तार तुटली, आठवते ना? तुझी रिंगच येईना. तार दुरुस्त करणारे रिटायर झाले, नवे कोणी लवकर येत नाईत; जोडायलेच पंधरा दिवस लागले. मी रोज त्या मुक्या फोनजवळ बसून राहायचो. शेवटी दुकानातून प्रफुलले फोन लावला, तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला… मंग? पोरगा आहे तुझा, त्यालेच विचारीन ना.

सपना कुठं आहे?… वावरात? कापसाची वेचणी सुरू झाली का?… प्रफुलही तिकडंच? म्हणजे घरी तू एकटी… कोंबड्या सोडल्या तं एकटी. बरं.

थांब… ताई, कोण खोकललं?

तू?… पुन्हा आला, पाह्य… कापसाची धूळ? जन्म गेला आपला कापसात, असा खोकला नव्हता तुझा. हा खालून येऊन राह्यला… राखीले बोललो तेव्हाही होता का? त्या फोनची खरखर इतकी, मले वाटलं, तारच खोकलते. यावर तुझ्या बांगड्या वाजतात तेही ऐकू येते…

कधीपासून?… खरं सांग… दसऱ्यापासून! आणि ताप?… रात्रीचा. रोज?… अधूनमधून. हं.

अवं, पण तू रिंगा तं देत होतीस. एक दिवस चुकली नाई… "उठून रिंग देता येत होती, म्हणजे ठीकच"? हे काय ठीक झालं? मी इकडं तुझ्या दोन रिंगा ऐकून निवांत जेवायचो, पुस्तक घेऊन पडायचो… नाई, रागावलो नाई. तुझ्यावर कसा रागावू? फक्त… मले आता समजत नाई, दसऱ्यापासूनच्या त्या रिंगांचं मी काय करू.

दवाखान्यात जा… नाई, मेडिकलवाल्याची गोळी नाई. डॉक्टर. छाती तपासून घे… पुस्तकात वाचून नाई सांगून राह्यलो. साधी गोष्ट आहे… वेचणी होऊ दे? वेचणी चालते होळीपर्यंत!… हौ, हौ, आवाज चढला माझा. माफ कर… नाई, माफ नको करू. जा आधी… कोणासोबत?… प्रफुलसोबत. सोमवारी. नक्की?… बरं. बरं वाटलं मले.

मी? मी मजेत… जेवलो ना. पोळी, आणि… वरण… हौ, सकाळचं… तुले कसं समजलं?… बोलता बोलता कुकरची शिट्टी नाई ऐकू आली म्हणून? वा रे! म्हणजे हा फोन तुझ्याच कामाचा निघाला… करतो, करतो. वांगं आहे घरात… भाजून? तेल नाई जास्त लागत?… जवसाची चटणी कुठं ठेवली होती मी… शिंक्यावर नाई आता, ताई, डबा आहे. शिंकं गेलं केव्हाचं… पाठव ना. प्रफुल वर्ध्याले आला की पाठव. तुझ्या हातची येत नाई कोणाले…

खूप बोललो बापा आज. कान गरम झाला… नाई, चांगलं वाटते. खरंच. मी भेत होतो, उचलला तं काय बोलू म्हणून… उद्या वैभव विचारील तेव्हा सांगून टाकतो, हाच राहू दे, जुनी तार नको… हौ, पस्तावलो तं पस्तावलो. पाहू.

ठेव मंग… तू ठेव आधी. तू मोठी, मी कसा आधी ठेवू?… बरं. गरम पाणी घेजो. येजो… हं.

…

ताई?… गेली.

…नाई. कोंबड्या ओरडतात अजून… ताई? तुझा फोन बंद नाई झाला… ठेवला वाटते खाटेवर तसाच… ही कुसुमबाई का? हौ, शेजारच्या कुसुमबाईचाच आवाज… असं ऐकू नये दुसऱ्याचं. ठेवावा आपणच…

काय म्हणाली?… "भाऊ बोलला आज, पोटभर बोलला"… अवं ताई…

काय?… "म्हटलं, हौ, जाते सोमवारी, तेवढंच त्याले बरं. कुठं जाते मी वेचणी टाकून"…

ताई! ए ताई!… कुसुमबाई! ओ कुसुमबाई! फोन चालू आहे!… खाटेवर पाहा, खाटेवर!… हौ, तानबा बोलतो, सेलूहून… हौ, सारं ऐकलं मी. द्या तिले.

ताई, मी सारं ऐकलं… आता तू बोलू नको. सोमवारचं राहू दे. उद्या पहिल्या गाडीनं निघतो मी, वर्ध्यात गाडी बदलतो, तुझ्या समुद्रपूरले दुपारच्या आत पोचतो. दवाखान्यात जायले तयार राह्यजो… गर्दीत मले त्रास होते, हौ, माहीत आहे, होऊ दे… मी कोणाले कधी जबरदस्ती केली नाई. उद्या करणार आहे.

कुसुमबाई, ऐकून राह्यल्या ना? हिले वावरात जाऊ देऊ नका सकाळी… काय करून राह्यली ती?… हसते?… हसू द्या. खोकलतेही मधून, ऐकू येऊन राह्यलं मले. साफ ऐकू येते.

चला. मीच ठेवतो आता. पिशवी भरायची आहे.