सिरीयलीत गेलेली आमची चाल

...न्हाई, मला गप राहा म्हणू नका, तुमची चाल नेली असती त्या टीव्हीवाल्यानं तर तुमी गप राहिले असते का? तुमाला सांगतो, आमच्या जवळा बाजार गावात बँडवाला वैजनाथ म्हणलं की लेकरू बी घर दाखवतं, आन नवरी सासरी निघाली की आमचा बँड पिढ्यान्‌पिढ्या एकच चाल वाजवतो. हिंगोलीच्या छावणीतल्या गोऱ्या बँडमास्तरनं आमच्या आज्याला शिकवली, आज्यानं बापाला, बापानं मला, छडी मारून. क्लॅरनेटचा पयला सूर निघाला की नवरदेवाकडची माणसं बी डोळे पुसायची. चाल आमची, आन सोडणार न्हाई मी त्याला!

तर दिवाळीला एक सिरीयल निघाली. सासू जिना उतरून राहिली, सुनेच्या दुधात कायतरी कालवून राहिली, आन मागं काय वाजतंय? आमची चाल. माझा घास ताटात पडला.

मंग कुरुंदा गावातलं एक लग्न. नवरी आईच्या गळ्यात पडली, मी क्लॅरनेट तोंडाला लावलं, आन सगळा मांडव हसायला लागला. नवरी बी हसली! नवरदेवाची आई आशाबाई माझ्यावर धावली, "काहून वो मास्तर, मी काय दुधात कालवणारी दिसून राहिले तुमाला?"

मी चॅनलला फोन लावला. तिकडून एक साहेब गोड आवाजात, "काका, ती स्कॉटलंडची पारंपरिक लोकधून आहे हो, तिला मालक नसतो." बेवारस म्हणला माझ्या चालीला... आरं, स्कॉटलंडनं कुरुंद्याची एक तरी नवरी वाटं लावली का? त्याच्या पोराच्या वरातीत ऐन वेशीत बँड बंद पडो. सोडणार न्हाई मी त्याला!

ठरवलं, बदला. रोज सिरीयलच्या टायमाला अख्खा बँड घेऊन गल्लीत उभा राहिलो, तीच चाल, ढोल-ताशासकट, का सासूचा एक शब्द कोणाला ऐकू येऊ नये. ओठ सुजले माझे. आन एका सांजेला शेजारच्या सोनाजीची बायको दारातून वरडते, "रूपाबाई, चल लवकर, मास्तरनं सुरू केलं, सिरीयल लागली!" तुमाला सांगतो, जे पाहत नव्हते ते बी पाहायला लागले. दुश्मनाची जाहिरात, ती बी फुकटात, मीच करून राहिलो होतो.

पण खरी आग वेगळीच. माझी राजनंदिनी... ती झाली तवापासून मनात एकच, हिच्या पाठवणीला चाल अशी वाजवीन, अशी वाजवीन... जाऊ द्या. हळदीच्या दिवशी पोरगी म्हणते, "बाबा, ते नका वाजवू. लोक हसतील." लई लागलं मला. म्हणलं, बरं माय, तुझ्या पाठवणीला बँड गप.

लग्नाच्या दिवशी मांडवाच्या दाराशी विहीणबाईची गाडी थांबली. बाई उतरंनात. निरोप आला, "सासूच्या एंट्रीचं ते टीव्हीवालं वाजवा, मंगच उतरतो." विहिणीचा मान हाय, लेक द्यायची हाय तिच्या घरी, न्हाई कसं म्हणता? वाजवली. लेकीसाठी ठेवलेली सगळीच्या सगळी वाजवली, आन विहीणबाई एकेक पाऊल टाकत, पदर सावरत आल्या. माझे डोळे गळून राहिले, पण सूर तुटू दिला न्हाई.

मागून एक बाई पुसते, "मास्तर काहून रडून राहिले वो?"

दुसरी म्हणते, "सिरीयल लई मनावर घेतली त्यायनं."